जत्रेचं सलाईन

इंदापूरच्या एका कॉलेजात मध्यंतरी मला नर्सिंगमधल्या करिअरबद्दल चार शब्द सांगायला बोलावलं होतं. स्टेजच्या मागं भला मोठा फ्लेक्स लावलेला. त्यावर एक जिना, आणि त्या जिन्यावरून पांढरी टोपी घातलेली एक गोरीपान मुलगी हसत हसत वर चाललेली. खालच्या पायरीवर 'विद्यार्थिनी', मग 'स्टाफ नर्स', मग 'पदवी', आणि अगदी वर ढगांच्या जवळ 'नर्स प्रॅक्टिशनर'. मी या धंद्यात उभा जन्म काढला, पण अशी हसत जिना चढणारी बाई मला एकदाही भेटली नाही. चढणाऱ्या सगळ्यांना दम लागलेला असतो, आणि खालून कुणीतरी पदर ओढत असतं. ओळख करून देणाऱ्या प्राध्यापकांना 'प्रॅक्टिशनर' हा शब्द काही झेपेना, म्हणून ते 'मोठ्या सिस्टर' म्हणून मोकळे झाले. ते निदान खरं तरी होतं, वजनानं आणि वयानं. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे पेशंटला तपासून, आखून दिलेल्या चौकटीत का होईना, उपचाराचा निर्णय स्वतः घेणारी नर्स, एवढं मीच मग सांगितलं. भाषण संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही हे व्हायचं कधी ठरवलं?" मी म्हटलं, "गावच्या जत्रेत, रागाच्या भरात." सगळे हसले. प्राचार्यांना तर तो विनोदच वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. विनोद नव्हता, म्हणून इथं लिहून ठेवते.

आमचं घर लासुर्ण्याचं. घरात सत्ता तात्यांची. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, गावच्या सोसायटीचे चेअरमन, आणि त्यांच्या स्वतःच्या मते शेती, राजकारण, वकिली आणि वैद्यकी या चारही विषयांतले तज्ज्ञ. ओसरीवरच्या लोखंडी कॉटवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बसून ते दिवसभर लोकांना सल्ले देत. आमचे वडील, आप्पा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. तिथं ट्रॅक्टरवाल्यांशी, ट्रकवाल्यांशी दिवसभर ओरडून ओरडून बोलायचा हा माणूस घराचा उंबरा ओलांडला की मुका व्हायचा. तात्या म्हणतील ती पूर्व दिशा. गोठ्यामागं कडबाकुट्टीचं यंत्र खडखडत असे, डेअरीचे कॅन आपटत असत, हंगामात रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या मोठ्यानं गाणी लावून जात, आणि या सगळ्या गोंगाटाच्या वर तात्यांचा आवाज. चूल मात्र आईची. दर जत्रेच्या आधी ती येसूर, म्हणजे रश्श्याचा मसाला, भाजायला बसली की तिखट धूर माजघरभर व्हायचा आणि माणसं खोकत खोकत अंगणात पळायची. आई एकटी तिथं बसून राहायची. मला वाटतं, वर्षातून तेवढाच वेळ तिला घरात कुणी काही सांगायला येत नसे, म्हणून ती येसूर गरजेपेक्षा जास्तच भाजायची.

माझ्या वेळी आमच्या भागात मुलगी शिकवायची म्हणजे डी.एड. करायची, मास्तरीण करायची आणि मास्तरालाच द्यायची. नर्सिंगचं मी नाव काढलं तेव्हा ओसरीवर जी सभा भरली, तिच्यात एक आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, "लोकांची हागणीमुतणी काढायला पोरगी बारामतीला धाडायची व्हय?" हीच आत्या आज काटेवाडीहून आठवड्यातून दोनदा मला फोन करते आणि स्वतःच्या शौचाबद्दल इतक्या तपशिलात बोलते की जेवताना फोन आला तर मी उचलत नाही. असो. तात्यांनी मात्र सगळ्यांच्या अपेक्षेविरुद्ध होकार दिला. त्यांच्या ओळखीचे कुणी बारामतीच्या नर्सिंग कॉलेजात होते, त्यांच्याकडं तात्यांनी शब्द टाकला. मला तात्यांचा फार मोठेपणा वाटला तेव्हा. गावात ते सांगत फिरले, "पोरगी डॉक्टरकीच्या लाइनला हाय." लाइन हा शब्द सोयीचा असतो, त्या लाइनीत तुम्ही कुठं उभे आहात ते सांगावं लागत नाही. होकारामागचा त्यांचा खरा हिशेब मला पुढं कळला. तो हिशेब सलाईनचा होता.

बाहेरच्या माणसाला हे पटणार नाही, पण आमच्याकडे त्या काळी सलाईन हे औषध नव्हतंच, ती ऐपत होती. आजारी माणसाला गोळ्या. धडधाकट, चार एकर बागायतवाल्याला सलाईन. ट्रॅक्टरचं ऑइल बदलावं तसं ही माणसं वर्षातून एकदा, हंगामाच्या तोंडावर नाहीतर जत्रेच्या आधी, अंगात ताकद यावी म्हणून बाटली लावून घेत. त्यातही प्रतवारी होती. पांढरं सलाईन म्हणजे साधं. त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडलं की ते पिवळं होतं, आणि पिवळं सलाईन म्हणजे खानदानी. कुणी भेटलं की विचारायचे, "कितीक लावलं?" "दोन लावली. पिवळी." ऐकणारा मान हलवायचा. उसाला पाणी पाजून पाजून जमिनी खारवल्या तरी पाणी कमी पडलं असंच ज्यांना वाटतं, त्यांना स्वतःच्या देहाबद्दल वेगळं काय वाटणार? तात्यांच्या मनात होतं की घरात एक नर्स तयार झाली की बाटली घरची, खिळा घरचा आणि सुई टोचणारीही घरची. गावातल्या कुठल्याच चेअरमनच्या घरी ही सोय नव्हती.

बारामतीत मी दुसऱ्या वर्षाला होते. होस्टेलची आमटी इतकी पातळ की ताटाची नक्षी दिसायची, पण वॉर्डातले दिवस मला आवडत. आमच्या शिर्के सिस्टर शिकवायला कडक होत्या. त्यांना मुलींचं कौतुक करण्याची सवय नव्हती, डॉक्टरांचं तर नव्हतीच नव्हती. मेडिसिनच्या वॉर्डात एक म्हातारा पेशंट होता, बसल्या जागी धापा टाकायचा, आडवा झाला की गुदमरायचा. शिर्के सिस्टरांनी आम्हाला त्याच्या पायाशी उभं केलं, घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला आणि काढला. कणकेत बोट रुतावं तसा खड्डा तिथं तसाच राहिला. "हृदय थकलंय," त्या म्हणाल्या. "शरीरात पाणी साठलंय. याला पाणीसुद्धा मोजून द्यायचं. अशा माणसाला कुणी सलाईन लावून बसलं तर पाणी छातीत भरतं. लक्षात ठेवा, परीक्षेत येवो न येवो." मी लक्षात ठेवलं. बाकी जे शिकले त्यातलं पुष्कळ विसरले.

त्या वर्षी जत्रेला घरी गेले. आमच्यात बाहेरगावाहून आलं की आधी थोरांच्या पाया पडायचं. तात्या कॉटवर बसलेले, पाय खाली सोडलेले. मी वाकले आणि बोटांना पाऊल काही नेहमीसारखं लागलं नाही, फुगलेलं, तुकतुकीत लागलं. नमस्कार करता करता मी अंगठा जरा दाबला. उठताना पाहिलं तर खड्डा. तात्या माझ्या डोक्यावर हात ठेवून "सुखी ऱ्हा" म्हणाले, तेवढं म्हणतानाही मध्येच त्यांनी श्वास घेतला. मग मी लक्ष ठेवलं. गोठ्यापर्यंत जाऊन आले की ते कमरेवर हात ठेवून उभे राहत. मोठ्या काकींना सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, अलीकडं तक्क्याला टेकूनच झोपत्यात. आडवं पडलं की जीव घाबरा होतोय म्हणं." "आणि पाय?" "ते व्हय? उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन भरल्यात. जत्रा कमिटीचं काय कमी काम हाय का?" दोन वर्षं शिकलेल्या पोरीनं चेअरमनला आजारी ठरवायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. जत्रा झाली की आप्पांच्या कानावर घालू, आणि तात्यांना काहीतरी कारण काढून बारामतीला नेऊ, असं मी मनाशी ठरवलं.

जत्रेच्या दिवशी सकाळी ओसरीवर पाहुणे जमले होते. काटेवाडीचे व्याही, इंदापूरचे तात्यांचे एक दोस्त, सोसायटीचे दोघं-तिघं. आत मटण शिजत होतं, वास ओसरीपर्यंत येत होता. तात्यांनी मला हाक मारली. बाहेर येऊन पाहते तर कॉटवर नवी चादर, कॅलेंडर काढून ठेवलेलं, कॅलेंडरच्या खिळ्याला सलाईनची बाटली लटकवलेली, शेजारी स्टुलावर दुसरी बाटली, सुई, नळी, पिवळ्या इंजेक्शनची कुपी. सगळं मेडिकलमधून आणून ठेवलेलं. तात्या बाही वर करून आडवे झाले होते, पाठीला दोन तक्के. एखाद्या उद्घाटनाला फीत लावावी तसा सगळा थाट होता. पाहुणे खुर्च्या पुढं ओढून बसलेले.

"ही आमची शैला," तात्या म्हणाले. "बघा आता कशी लावती ती. लाव गं. आधी पिवळं लाव."

मी सुचेल ते पहिलं कारण सांगितलं. म्हटलं, "तात्या, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आमाला लावता येत न्हाय."

खोटं नव्हतं ते. पण खरं कारण ते नव्हतं, आणि खरं कारण मागं ठेवून सोयीचं कारण पुढं केलं की काय होतं ते मला लगेच दिसलं. तात्या हसले. "एवढंच ना?" त्यांनी गड्याला गाडीवर पिटाळलं. आमच्या गावच्या डॉक्टरांना लोक आदरानं डॉक्टरसाहेब म्हणत. त्यांचा दवाखाना स्टँडजवळ, सोसायटीच्याच गाळ्यात, म्हणजे तात्यांच्याच मेहेरबानीनं. ज्याला ताप त्याला सलाईन, ज्याला खोकला त्याला सलाईन, आणि ज्याला काहीच नाही त्याला दोन. गडी गेला तसाच परत आला. डॉक्टरसाहेबांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागं दोन बाटल्यांची नावं लिहून सही ठोकली होती. माणूस न बघता, नाडी न बघता. पुढच्या बाजूला गणपती होता, तेवढाच त्या कागदाला पवित्रपणा.

"आता लाव," तात्या म्हणाले.

आता माझ्याकडे दुसरं कारण उरलं नव्हतं, म्हणून खरं ते बोलावं लागलं. "तात्या, तुमच्या पायाला सूज हाय. चालताना दम लागतोय, आडवं झोपता येत न्हाय. हे पाणी आत गेलं तर छातीत भरंल. मी लावणार न्हाय. उद्या बारामतीला चला, छातीची पट्टी, ईसीजी, काढू, मोठ्या डॉक्टरांना दाखवू."

आत आईच्या पळीचा आवाज थांबला. तात्यांनी मान उचलून माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे डॉक्टर येडा हाय?"

"डॉक्टरांनी तुमचे पाय बघितले न्हाईत."

"आन् तू बघितलंस?"

"बघितले."

"कवा?"

पाया पडताना, हे काही मला सांगता आलं नाही. तेवढ्यात इंदापूरचे पाहुणे पान चघळत म्हणाले, "जाऊ द्या तात्या. पोरीला लावता येत नसंल. हात कापतोय, म्हणून निमित्त काढतीया." आणि सगळे हसले. अगदी मोकळं हसले, गाठ सुटल्यासारखे. त्यांना उत्तर सापडलं होतं.

हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. सुई लावण्यात माझा हात वॉर्डात नावाजलेला होता. तात्यांची शीर समोर दिसत होती, दाव्यासारखी जाड. आंधळ्यालाही सापडावी अशी. नुसतं ते हसू बंद पाडायचं असतं तर मला एका टोचणीत पाडता आलं असतं, आणि खरं सांगते, माझे हात शिवशिवत होते. मी ते मागं बांधून धरले आणि उभी राहिले. आप्पा खांबाला टेकून उभे होते. ते माझ्याकडं पाहत नव्हते, तात्यांच्या पायांकडं पाहत होते. मला वाटलं, बघायची लाज वाटतेय म्हणून खाली बघतायत. आयुष्यात कुणाचा आला नसेल एवढा राग मला त्या क्षणी आप्पांचा आला.

मग डॉक्टरसाहेब स्वतःच मोटारसायकलवरून आले. गडबडीत होते, त्यांना अजून तीन घरी बाटल्या लावायच्या होत्या. त्यांनी कुपी फोडली, बाटली पिवळी केली, सुई टोचली आणि मला म्हणाले, "घाबरायचं नसतं बेटा, सवयीनं येतं." चहा पिऊन गेले. पाहुणे बाटलीकडं टक लावून बसले, थेंब मोजत असल्यासारखे.

वाचणाऱ्याला आता वाटेल की तात्यांचा श्वास कोंडला, धावाधाव झाली, आणि सगळ्यांनी माझ्या शहाणपणापुढं हात जोडले. असं गोष्टींत होतं. आमच्या घरी असं काही झालं नाही. अर्धी बाटली गेल्यावर तात्यांना पालखीच्या मानाचं बोलावणं आलं, म्हणून त्यांनी सुई काढायला लावली. उठले, मटणाच्या रश्श्यात दोन भाकरी कुस्करून हाणल्या, आणि संध्याकाळी कुस्त्यांच्या मैदानात फेटा बांधून बक्षिसं वाटली. जो भेटेल त्याला सांगितलं, "पोरगी म्हणती, मरचाल. बघा, मेलो का?" त्या जत्रेत तमाशाला नसेल एवढी गर्दी माझ्या गोष्टीला झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या दिवशी पुरतं करून घेतलं. बरोबर असून हसं झालेला माणूस चुकून हसं झालेल्या माणसापेक्षा जास्त एकटा असतो, हे मला तेव्हा कळलं आणि ते पुन्हा कुणाला शिकवावं लागलं नाही.

पुढं वर्षभरानं बारामतीच्या एका मोठ्या डॉक्टरांनी तात्यांच्या पायाला अंगठा लावला, हृदयाचं दुखणं सांगितलं, अंगातलं पाणी उतरवायची गोळी चालू केली आणि सलाईन बंद केलं. तात्या गावात सांगत, "काय डॉक्टर हाय, नुसता पाय बघून वळाकलं." पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते आहे.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल लागला. तात्यांनी आप्पांना पुढ्यात उभं करून सांगितलं, "बास झालं शिक्षण. जिला घरच्या माणसाला सुई टोचता येत न्हाय, ती काय दिवं लावणार? पोरगी आणा माघारी. काटेवाडीचं स्थळ हाय, दिवाळीच्या आत उजवून टाकू." आप्पा "बरं" म्हणाले. मी स्वयंपाकघरात उभी होते. आई उरलेल्या येसुराचा डबा भरत होती. तिनं वर न बघता विचारलं, "तू म्हणतीस ते खरं हाय का?" मी म्हटलं, "खरं हाय." "पुस्तकात हाय का डोळ्यानं बघितलंस?" "डोळ्यानं बघितलं." तिनं डबा माझ्या पिशवीत घातला. "मग आता फाट्यावरनं गाडी हाय, जा. सामान आणायला चाललीस म्हणून सांगते. परत यायचं का न्हाय ते तितं बसून ठरव. हितं ठरवायला गेलीस तर तुला ठरवू देणार न्हाईत." हे आमच्या आईचं माझ्याशी झालेलं सगळ्यात लांब बोलणं. मी निघाले.

होस्टेलवर शिर्के सिस्टरांना सगळं सांगितलं. माझी समजूत होती की त्या पाठ थोपटतील. त्या म्हणाल्या, "बरोबर वागलीस, पण उलट्या क्रमानं. आधी कागदाची ढाल कशाला केलीस? पाय बघून नाही म्हणायचं होतंस. कागद काय, कुणीही लिहून देतो." मी रडायला लागले. रडत रडत विचारलं, "सिस्टर, मी काय झाले म्हणजे माझं नाही हे नाही समजतील? डॉक्टर?" त्यांनी जरा विचार केला. "आपल्याकडं नर्सला तसं पद नाही. बाहेरच्या देशांत असतात म्हणे अशा नर्सा, स्वतः तपासतात, स्वतः ठरवतात. इथं कधी होईल माहीत नाही. झालं तर वरच्या पदवीवाल्यांनाच घेतील, आणि अतिदक्षतेत काम केलेल्यांना." एवढंच. माझ्या करिअरचं नियोजन, ज्याच्यासाठी आता फ्लेक्स छापतात आणि समुपदेशक बसवतात, ते या चार वाक्यांत झालं. इथं नसलेलं पद मी रागानं ठरवून टाकलं. आधी हा कोर्स, मग नोकरी, मग नोकरी करता करता पदवी, मग अतिदक्षता विभाग, आणि मग देशानं ते पद काढेपर्यंत वाट बघायची. देशानं चांगलीच वाट बघायला लावली. मी पदवीला बसले तेव्हा सासरचे म्हणाले, अजून शिकतीच आहे का? प्रॅक्टिशनरच्या कोर्सला गेले तेव्हा वर्गातल्या मुली मला आई म्हणायच्या. झाले, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "शेवटी नर्सच ना?" होय, शेवटी नर्सच. आजही एखादा कालचा पोर डॉक्टर माझ्याकडं बघून "सिस्टर, तुम्ही फक्त लिहिलेलं द्या" म्हणतो, आणि मी आधी पेशंटचे पाय बघते. पण हे सगळं पुढचं. त्या आठवड्यात हा कोर्सच माझ्या हातात राहणार की नाही, तेच ठरलेलं नव्हतं.

आणि एका दुपारी वॉचमननं सांगितलं, वडील आलेत. मी फाटकाशी गेले. आप्पा लिंबाखाली उभे होते, कामावरचाच खाकी शर्ट, हातात सुंभाचा नवा दोर. माझी वळकटी बांधायला आणलेला. तात्यांनी दिला असणार, कारण आप्पांना स्वतःहून दोर आणायचं सुचलं नसतं. मी बोलायचं सगळं पाठ करून ठेवलं होतं. येणार नाही, ओढून नेलंत तर पळून येईन, पोलिसांत जाईन, वगैरे वगैरे. प्रत्यक्षात मी एवढंच म्हटलं, "आप्पा, मी येत नाही."

आप्पांनी मान हलवली. बराच वेळ ते दोराची गुंडाळी या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, "तात्या दुपारचं झोपलं हुतं. मी पाय दाबून बघितला."

चेअरमन झोपलेले असताना त्यांच्या पायाशी जाऊन बसणारे आप्पा मला डोळ्यांसमोर आणता येईनात.

"खड्डा पडला," आप्पा म्हणाले. "तसाच ऱ्हायला लई येळ. मी बसून बघत हुतो."

"मग घरी सांगितलं का तुम्ही?"

"न्हाय. कुणाला सांगणार? माझं कोण ऐकतंय?" हे त्यांनी रडगाणं म्हणून नाही सांगितलं, काट्यावरचं वजन सांगावं तसं सांगितलं. माझा सगळा राग तिथंच गळून पडला, आणि तो गेल्यावर मला फार पोरकं वाटलं, कारण त्या आठवडाभर मी त्याच्याच आधारानं उभी होते. मी विचारलं, "मग आता घरी जाऊन काय सांगाल? ती येत नाही म्हणून?"

"तसं सांगितलं तर तात्या सोता येतील, तुला घेऊन जातील," आप्पा म्हणाले. त्यांनी दोर माझ्या हातात दिला. आवाज काट्यावरचा नव्हता आणि घरातलाही नव्हता, मी तो आधी कधी ऐकला नव्हता. "तू आली न्हाईस असं न्हाय सांगायचं मी. मी आणली न्हाय, असं सांगतो."

आणि ते स्टँडकडं चालायला लागले, माझं पाणीसुद्धा न पिता. घरी काय झालं ते आईनं पुढं कधीतरी सांगितलं; तात्या तो सगळा हंगाम त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि आप्पांना तो हंगाम फार सुखाचा गेला. दोर मी होस्टेलच्या गच्चीवर दोन खांबांना ताणून बांधला, आणि कोर्स संपेपर्यंत त्यावर माझे एप्रन वाळत घातले.